रंगीत रोल आणि परकं शहर

विमानतळावरच्या तपासणीच्या टेबलावर मी एक पारदर्शक पिशवी ठेवली आणि म्हणालो, "हे मशीनमधून नको, हाताने तपासाल का?" पिशवीत आठ रोल होते. दोन एक्टाक्रोमचे, सहा साध्या कोडॅक गोल्डचे. एक्स-रे मशीनमधून फिल्म वारंवार गेली की तिच्यावर धुरकटपणा चढतो, म्हणून फिल्म वापरणारे जगभर ही विनंती करतात. विनंती साधीच आहे. पण आपल्यासारखं नाव पासपोर्टवर असलेल्या माणसाने विमानतळावर "हे मशीनमधून नको" म्हणणं शहाणपणाचं नाही, हे वाक्य तोंडातून निघाल्यावर माझ्या लक्षात आलं. वीसेक मिनिटं गेली. प्रत्येक डबी उघडली गेली, प्रत्येक रोलवर कापडाची पट्टी फिरवून ती यंत्रात घातली गेली. शेवटी त्या तरुण अधिकाऱ्याने एक रोल बोटांत फिरवत विचारलं, "हे अजून मिळतात?"

मिळतात. महाग मिळतात, पण मिळतात. 2019 च्या ऑक्टोबरात मी इस्तंबूलला निघालो होतो आणि तिथल्या रस्त्यांवर रंगीत फिल्मवर फोटो काढायचे ठरवलं होतं. मोबाईलवर हजार फोटो निघत असताना आठ रोल, म्हणजे 288 फोटो, घेऊन कशाला जायचं, असं घरात सगळ्यांनी विचारलं. त्यांना दिलेलं उत्तर एक होतं आणि खरं उत्तर दुसरं. मुस्लिम शहरं दिसतात कशी, हे मला लहानपणापासून ज्या चित्रांनी शिकवलं ती बहुतेक रंगीत फिल्मवरची होती. इस्तंबूलचा पूल, मोरोक्कोतल्या गेरूच्या भिंती, पेशावरच्या छावणीतले हिरवे डोळे. आणि ती जवळपास सगळी बाहेरून आलेल्या प्रवाशांनी काढलेली होती. तोच माल, तसाच कॅमेरा हातात घेऊन, त्याच प्रवाशासारखं परक्या शहरात उभं राहिलं तर काय दिसतं, हे मला बघायचं होतं.

कॅमेरा मामूंचा. निकॉन एफएम2, दुसऱ्या हाताने घेतलेला. मिरजेत त्यांचा स्टुडिओ होता. निगेटिव्हवर पेन्सिलीने टचिंग करणं, काळ्या-पांढऱ्या लग्नाच्या फोटोवर ब्रशने गालाला गुलाबी आणि शालूला हिरवा रंग भरणं, ही कामं मी त्यांच्या मागे उभा राहून बघितली आहेत. मामू पाच वक्त नमाजी. मोहल्ल्यात कुणी ना कुणी त्यांना तस्वीर हराम असल्याचं ऐकवत असे. तेच लोक हजचा अर्ज भरायची वेळ आली की पासपोर्ट साईझच्या कॉप्या काढायला त्यांच्याकडेच येत. मामू हिशेबात एक कॉपी जास्त द्यायचे आणि काही बोलायचे नाहीत.

हा वाद मामूंच्या मोहल्ल्यापुरता नव्हता. 1914 ते 1920 या काळात इजिप्तचे मुफ्ती असलेले मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी फोटोच्या बाजूने एक पुस्तिकाच लिहिली होती. त्यांचं म्हणणं असं की, फोटोग्राफर काही घडवत नाही. अल्लाहने आधीच निर्माण केलेल्या वस्तूची सावली तो फक्त अडकवून ठेवतो. देवबंदच्या बहुतेक उलेमांना हा युक्तिवाद पटला नाही. मला मात्र तो वाचताना मराठीतला रोजचा शब्द आठवला. छायाचित्र. सावलीचं चित्र. उर्दूत अक्स म्हणजे प्रतिबिंब, त्यावरून अक्कासी. आपण मात्र सावली म्हटलं, मुफ्ती साहेबांसारखंच. पण सावलीला रंग नसतो. मग 'रंगीत छायाचित्र' हा काय प्रकार? शब्दाच्या या गमतीत फोटोग्राफीचा निम्मा इतिहास दडलेला आहे. रंग उशिरा आला, आणि आला तो बराच काळ माणसाला हलू देत नव्हता.

इस्तंबूलचंच उदाहरण घेऊ. हे शहर कॅमेऱ्यासमोर फार लवकर आलं. 1863 मध्ये सुलतान अब्दुलअझीझने अब्दुल्ला फ्रेर या आर्मेनियन भावांच्या स्टुडिओला दरबारी फोटोग्राफरचा मान दिला. पुढे सुलतान अब्दुलहमीद दुसरा याने कॅमेऱ्याचा जो वापर केला तो आजच्या कुठल्याही सरकारी प्रसिद्धी खात्याला लाजवेल. युरोपीय प्रवासी तुर्कस्तान म्हणजे हमामखाने, हुक्के आणि जनाना अशी चित्रं विकत होते. त्याला उत्तर म्हणून सुलतानाने शाळा, इस्पितळं, जहाजं, अग्निशामक दलाचे जवान, गणवेशातल्या विद्यार्थिनी यांचे फोटो काढवले आणि 1893 च्या सुमारास अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला भेट दिले. 51 अल्बम, 1,819 फोटो. तसाच एक संच ब्रिटनलाही गेला. एका मुस्लिम राजवटीने जगाला सांगितलं की, आम्हाला असं बघा. ते किती खरं, किती सजवलेलं, हा वेगळा प्रश्न. पण आपल्याकडे दुसरे कसे बघतात याची एवढी पद्धतशीर काळजी त्या काळात क्वचितच कुणी केली असेल.

सगळे अल्बम अर्थातच काळे-पांढरे. रंग आला तो परक्या प्रवाशासोबत. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी 1907 मध्ये ऑटोक्रोम नावाच्या काचेच्या प्लेटा बाजारात आणल्या. बटाट्याच्या पिठाचे अतिसूक्ष्म कण नारिंगी, हिरव्या आणि जांभळ्या रंगात रंगवून काचेवर पसरायचे. एका चौरस इंचात साधारण 40 लाख कण. त्यांच्यामागे काळी-पांढरी इमल्शन. उजेड कणांतून गाळून जातो आणि रंगीत चित्र उमटतं. बटाट्यातून रंगीत जग निघालं, हे मामूंना सांगितलं होतं तेव्हा त्यांना मी थट्टा करतोय असंच वाटलं.

याच प्लेटा घेऊन पॅरिसचा बँकर अल्बेर कान याने 1909 पासून जगभर माणसं पाठवली. त्याची कल्पना अशी की, माणसांनी एकमेकांची आयुष्यं पाहिली तर ती एकमेकांशी लढणार नाहीत. 'पृथ्वीचे दप्तर' म्हणता येईल अशा या संग्रहात सुमारे 72,000 ऑटोक्रोम जमा झाले. मध्ये पहिलं महायुद्ध होऊन गेलं आणि 1929 च्या मंदीत कानचं दिवाळं वाजलं, ही गोष्ट वेगळी. कानचा एक फोटोग्राफर स्तेफान पासे 1912 मध्ये इस्तंबूलला पोहोचला. 1913 च्या अखेरीस तो भारतातही आला.

ऑटोक्रोमची अडचण एकच होती, वेळ. भर उन्हातही सेकंदभर किंवा त्याहून जास्त काळ लेन्स उघडी ठेवावी लागे. म्हणून त्या काळातली रंगीत चित्रं बघा: रस्ता आहे, पण रस्त्यावरची वर्दळ नाही. फेरीवाला आहे, पण तो उभा आहे, हात टोपलीवर, नजर थेट आपल्याकडे. त्याला कुणीतरी सांगितलंय, हलू नकोस. म्हणजे कुणीतरी त्याच्याशी बोललंय. दुभाष्यामार्फत असेल, दोन नाणी देऊन असेल, दरडावूनही असेल. वसाहतींच्या काळात परवानगी हा शब्द जपूनच वापरावा लागतो. तरी एक गोष्ट पक्की: त्याला माहीत होतं की आपला फोटो निघतोय. यंत्राच्या मंदपणाने ते माहीत असणं सक्तीचं केलं होतं.

ही सक्ती संपवली ती कोडॅक्रोमने. लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडॉव्स्की हे दोघे मित्र पेशाने संगीतकार. अंधाऱ्या खोलीत घड्याळ दिसत नाही, म्हणून फिल्म धुताना ते ब्राम्सची धून शिट्टीवर वाजवून सेकंद मोजायचे, असं सांगतात. 1935 मध्ये सिनेमासाठी आणि 1936 मध्ये साध्या 35 मिलिमीटरच्या कॅमेऱ्यासाठी कोडॅक्रोम आली. सुरुवातीला ती फार मंद होती, आजच्या भाषेत आयएसओ 10 च्या आसपास. 1960 च्या दशकात 25 आणि 64 वेगाच्या फिल्म आल्या आणि उन्हात सेकंदाचा अडीचशेवा भाग पुरू लागला. छोटा कॅमेरा, रंगीत फिल्म, वेगवान शटर. आता रस्त्यावरच्या माणसाला थांबवायची गरज राहिली नाही. विचारायचीही राहिली नाही.

मग प्रवासी निघाले. बेल्जियमचा हॅरी ग्रुयार्ट 1969 मध्ये पहिल्यांदा मोरोक्कोला गेला आणि पुन:पुन्हा जात राहिला. मोरोक्कोतच जन्मलेला आणि तिथे बालपण काढलेला फ्रेंच फोटोग्राफर ब्रुनो बार्बे रंग घेऊन त्या देशात परतला. अमेरिकेचा अ‍ॅलेक्स वेब आधी काळ्या-पांढऱ्यात काम करायचा. हैती आणि मेक्सिकोची सरहद्द बघितल्यावर त्याला वाटलं की इथला उन्हाळी उजेड करड्या छटांत मावणार नाही, आणि 1970 च्या दशकाच्या अखेरीस तो रंगाकडे वळला. 1998 नंतर तो इस्तंबूलला वारंवार गेला. 2007 मध्ये आलेलं त्याचं 'इस्तंबूल: सिटी ऑफ अ हंड्रेड नेम्स' हे पुस्तक मी इतक्या वेळा चाळलंय की त्याच्या पाठीचा गोंद सुटलाय. एकाच चौकटीत न्हाव्याचा आरसा, आरशात रस्ता, रस्त्यावर मुलगा, मुलाच्या मागे जहाज. मी आठ रोल घेऊन निघालो त्याला हे पुस्तकच जबाबदार आहे.

पण फिल्म हातात घेतल्यावर मला त्या चित्रांबद्दल एक गोष्ट कळली, जी पुस्तक चाळून कळली नव्हती. कोडॅक्रोम ही स्लाईड फिल्म होती. माझी एक्टाक्रोमही तशीच. स्लाईड फिल्म चुकीला माफ करत नाही. अर्धा स्टॉप उजेड जास्त गेला तर भिंतीचा रंग उडून पांढरं होतं. म्हणून फोटोग्राफर उजेड मोजतो तो भिंतीवरचा, कपड्यावरचा, आकाशाचा. तो नीट आला की सावली आपोआप काळीकुट्ट होते आणि सावलीत उभी असलेली माणसं त्या काळ्यात जातात. उन्हाच्या देशांत माणसं सावलीतच उभी राहतात, शहाणी असतात ती. त्यामुळे या सुंदर रंगीत चित्रांत भिंत लाल, दार निळं, संत्री नारिंगी आणि माणूस मात्र बऱ्याचदा काळी आकृती, असं होऊन बसलं. यात फोटोग्राफरचा काही वाईट हेतू असेल असं मी म्हणत नाही. ती फिल्मच्या रसायनाची मर्यादा होती आणि चांगल्या फोटोग्राफरने त्या मर्यादेचीच शैली केली. पण पन्नास वर्षं आपली शहरं जगाने अशी बघितली: वस्तू रंगीत, माणूस सावलीत.

त्वचेचा प्रश्नही रसायनातच होता. लॅबमध्ये रंग जुळवायला एका गोऱ्या बाईचं चित्र असलेलं कार्ड वापरायचे, त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिचा चेहरा बरोबर आला की रंग बरोबर. कॅनडाच्या संशोधक लॉर्ना रॉथ यांनी या कार्डाचा इतिहास लिहिला आहे. त्यांना असं आढळलं की, गडद रंगांच्या बाबतीत फिल्म सुधारा अशी तक्रार कंपनीकडे जोर धरू लागली ती फर्निचरवाल्यांकडून आणि चॉकलेटवाल्यांकडून. लाकडाच्या आणि चॉकलेटच्या छटा नीट येत नव्हत्या म्हणून. काळ्या आईबापांची मुलं शाळेच्या फोटोत दिसत नव्हती, हे पुरेसं कारण ठरलं नव्हतं. आमच्या घरच्या 1980 च्या दशकातल्या निकाहच्या अल्बममध्ये नवरीची जर झगमगतेय आणि शेजारी बसलेल्या सावळ्या फुप्फीचे फक्त दात दिसतायत. आम्ही इतकी वर्षं त्यावर हसलो. चूक फ्लॅश मारणाऱ्याची आहे असंच समजत होतो.

आपल्याकडचा एक माणूस या सगळ्याला उलटा भिडला. रघुबीर सिंग. जन्म जयपूरचा, आयुष्याचा बराच भाग पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कमध्ये, आणि काम जन्मभर भारताच्या रस्त्यांवर. त्यांची भूमिका अशी की, भारतीय नजर रंगातच बघते. काळ्या-पांढऱ्यातला पाश्चात्त्य विषाद आपला नाही. 1994 मध्ये आलेलं त्यांचं मुंबईवरचं पुस्तक बघितलं की हे नुसतं बोलणं नव्हतं हे कळतं. त्यात काच, आरसे, गर्दी सगळं आहे, पण माणसाचा चेहरा सहसा हरवत नाही. मला त्यांचा सिद्धान्त पूर्ण पटत नाही, कारण विषाद काही पाश्चात्त्यांची मालमत्ता नाही. इस्तंबूल हेच त्याचं उत्तर आहे.

कारण इस्तंबूलने स्वतःला बघितलं ते मुख्यतः काळ्या-पांढऱ्यात. आरा ग्यूलेर हा तिथला आर्मेनियन फोटोग्राफर, 1928 चा जन्म. बापाचं बेयोलूत औषधाचं दुकान. रंगीत कामही त्याने केलं, पण त्याचं इस्तंबूल म्हणून लोकांच्या मनात आहे ते 1950-60 च्या दशकांतलं धुरकट, ओलं, करडं शहर: होड्या, हमाल, बर्फातली ट्राम. तो स्वतःला कलावंत म्हणवून घ्यायचा नाही, बातमीदार म्हणायचा. ऑर्हान पामुक यांच्या 2003 च्या इस्तंबूलवरच्या आठवणींच्या पुस्तकात त्याचे फोटो आहेत आणि त्या पुस्तकाचा गाभा आहे एक शब्द, ह्युझ्युन. तो आपलाच हुज्न. ज्या वर्षी हजरत खदीजा आणि अबू तालिब गेले ते वर्ष आपण आमुल-हुज्न म्हणून ओळखतो. पामुक त्या शब्दाचा माग थेट तिथपर्यंत नेतात. म्हणजे प्रवाशाने इस्तंबूलचा रंग बघितला आणि शहराच्या लेकरांनी हुज्न. गंमत अशी की वेबच्या रंगीत पुस्तकाला मजकूर पामुक यांचाच आहे. आणि 2020 मध्ये पामुक यांनी स्वतः काढलेल्या फोटोंचं जे पुस्तक आलं त्याचं नाव 'ऑरेंज'. रात्रीच्या गल्ल्यांतले नारिंगी दिवे जाऊन पांढरे एलईडी येत होते, तो जाणारा रंग धरून ठेवण्यासाठी ते कॅमेरा घेऊन फिरत होते. माझ्या एका रोलवर तशी एक गल्ली आहे. उन्हाच्या उजेडासाठी बनवलेल्या फिल्मवर तो दिवा इतका नारिंगी उतरलाय की बघणाऱ्याला आग लागल्यासारखं वाटतं.

आता हिरव्या डोळ्यांबद्दल. 1984 मध्ये पेशावरजवळच्या नासिर बाग छावणीत स्टीव्ह मॅकरीने एका अफगाण मुलीचा फोटो काढला. फिल्म कोडॅक्रोम, कॅमेरा माझ्या मामूंकडे होता तोच, निकॉन एफएम2. जून 1985 च्या नॅशनल जिऑग्राफिकच्या मुखपृष्ठावर तो छापला गेला आणि विसाव्या शतकातला बहुधा सर्वांत ओळखीचा मुस्लिम चेहरा तयार झाला. चेहऱ्याला नाव मिळालं 2002 मध्ये, सतरा वर्षांनी: शरबत गुला. तोपर्यंत तिने स्वतःचा तो फोटो पाहिलेलाही नव्हता. 2016 मध्ये पाकिस्तानात तिला अटक झाली. आरोप काय, तर बनावट ओळखपत्र. जिचा चेहरा कोट्यवधी लोक ओळखत होते तिच्याकडे स्वतःच्या फोटोखाली स्वतःचं खरं नाव असलेला एक कागद नव्हता. तिची अफगाणिस्तानात पाठवणी झाली आणि 2021 मध्ये इटलीने तिला आसरा दिला. मामूंच्या स्टुडिओत हजच्या पासपोर्टसाठी कॉप्या काढायला येणारी माणसं मला या बातमीच्या वेळी आठवली. फोटोचा त्यांना एवढाच उपयोग होता आणि तो केवढा मोठा होता.

2009 मध्ये कोडॅकने कोडॅक्रोम बंद करत असल्याचं जाहीर केलं. शेवटचा रोल मॅकरीलाच दिला गेला. त्या 36 फोटोंसाठी तो न्यूयॉर्कहून मुंबईला आला, अमिताभ बच्चन आणि आमिर खानचे फोटो काढले, राजस्थानात गेला, इस्तंबूलला जाऊन वृद्ध आरा ग्यूलेरचाही काढला. ती फिल्म धुणारी जगातली शेवटची लॅब अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात पार्सन्स नावाच्या गावात होती. 30 डिसेंबर 2010 नंतर तिने नवे रोल घेणं थांबवलं.

एवढं सगळं डोक्यात घेऊन मी इस्तंबूलमध्ये फिरत होतो आणि पहिले चार दिवस बघून बघून पाठ झालेलेच फोटो काढत होतो. गलाता पुलावरचे गळ टाकून बसलेले लोक, एमिनोन्यूच्या धक्क्यावरची फेरीबोट, लाल ट्राम. व्ह्यूफाइंडरमधून बघताना मला ते शहर दिसत नव्हतं, वेबचं पुस्तक दिसत होतं.

बुधवारी फातिह भागात गेलो. तिथे मशिदीच्या आसपासच्या गल्ल्यांत बुधवारचा बाजार भरतो. एका मोहल्ल्याचं नावच चार्शांबा, म्हणजे बुधवार. आपल्याकडे आखरी चहारशंबा पाळणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला तो शब्द ऐकून बरं वाटतं. फातिह हा दीनदार भाग. काळा चार्शाफ घातलेल्या बायका, भाजीची गर्दी, आणि एका गाड्यावर संत्र्यांचा डोंगर. तिरपं ऊन थेट त्या संत्र्यांवर. एक वयस्क बाई वाकून संत्री निवडत होती. काळा कपडा, नारिंगी ढीग, मागे निळं ताडपत्रीचं छत. मी संत्र्यांवरचा उजेड मोजला, एफ 5.6, अडीचशे. कॅमेरा डोळ्याला लावला तेव्हा तिने वर बघितलं. हात उचलला आणि म्हणाली, "चेक्मे." शटर तेवढ्यात पडलं होतं.

तुर्कीत फोटो 'ओढतात'. चेक्मेक म्हणजे ओढणं, अगदी आपल्या दखनीतल्या खींचनासारखं. 'चेक्मे' म्हणजे ओढू नकोस. मी कॅमेरा खाली केला, मान झुकवली. संत्रीवाल्याने विचारलं, "नेरेलिसिन?" कुठला तू? "हिंदिस्तान." मुस्लिम आहेस का? "अल्हम्दुलिल्लाह." तो बाईकडे बघून काहीतरी बोलला आणि दोघं हसली. राग गेला असावा. पण मला ते हसू लागलं. मोबाईल असता तर मी तिला पडदा दाखवून तिच्यासमोर फोटो पुसला असता. फिल्मवर तसं करता येत नाही. कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं तर ती फ्रेम जाते आणि तिच्यासोबत आधीच्या बावीसही. मी झाकण उघडलं नाही.

रात्री हॉटेलवर मला मिरजेचा उरूस आठवला. 1990 च्या दशकातली गोष्ट. मीरासाहेबांच्या उरुसात चर्मकार समाजाचा मानाचा गलेफ येतो, तो बघायला आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला उभे होतो. एक गोरा प्रवासी लांब लेन्स लावून आला. त्याने मिरवणुकीकडे पाठ केली आणि हिरव्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या खालाचे बुरख्यातले पाच-सहा फोटो काढले. मग हसून निघून गेला. खाला घरी येईपर्यंत एकच विचारत होती, "उने मेरा फोटू लेके करनेका क्या?" मामू फोटोग्राफर, त्यांनाही उत्तर देता आलं नाही. तिचा बुरखा काळा होता आणि भिंत हिरवी होती, एवढंच खरं कारण. ते मला त्या रात्री इस्तंबूलमध्ये समजलं.

उरलेल्या दिवसांत मी एक वाक्य पाठ केलं, "फोतोराफ चेकेबिलिर मियिम?" ओढू का फोटो? बऱ्याच जणांनी नाही म्हटलं. काहींनी हो म्हटलं आणि लगेच ताठ उभे राहिले. बलातमध्ये एका न्हाव्याने मला दहा मिनिटं थांबवलं, मिशी विंचरली, पांढरा डगला झटकला, दुकानाच्या दारात दोन्ही हात मांड्यांना चिकटवून उभा राहिला आणि थेट लेन्समध्ये बघत राहिला. फोटो म्हणून तो काही खास नाही. रस्त्यावरची फोटोग्राफी म्हणून तर नापासच. पासेच्या ऑटोक्रोममधला फेरीवाला एकशेसात वर्षांनी पुन्हा उभा केल्यासारखा दिसतो. त्याचा पत्ता घेऊन मी प्रिंट पोस्टाने पाठवली.

स्लाईड धुऊन यायला दीड महिना लागला. बाजारातली फ्रेम 23 नंबरची. तांत्रिकदृष्ट्या ती सगळ्या रोलमधली उत्तम. संत्री अशी की हात लावावा. बाईचा हात हललेला, चेहरा सावलीत गेलेला, ओळखू न येणारा. मी समाधान करून घ्यायचा प्रयत्न केला की चला, ओळख तर पटत नाही.

ईदला सगळे जमले तेव्हा भिंतीवर पांढरी चादर लावून मामूंच्या जुन्या प्रोजेक्टरवर स्लाईड दाखवल्या. मशिदी, जहाजं, मांजरी. मुलं कंटाळून बाहेर गेली. 23 नंबर आली तेव्हा खाला पुढे सरकून बघत राहिली.

"इसकू पूछ्या था?"

"नई."

"अगला लगा."